काळी पाठ नसलेला चंद्र

मित्रांनो, दुसऱ्याने पाहिलेली गोष्ट आपण पाहिली नसली, की तिला खोटी ठरवणे फार सोपे असते. त्यासाठी जागचे हलावे लागत नाही. खरे काय ते पाहण्यासाठी मात्र उठावे लागते, चार पायऱ्या चढाव्या लागतात, मान वर करावी लागते. एवढ्या थोड्या श्रमाच्या आळसापायी कितीतरी निरपराध माणसे संशयाच्या छायेत उभी राहिली आहेत. त्यांपैकी एकीची हकिगत मला ठाऊक आहे, कारण तिच्या हातून मी घडलो.

मी एक जुना चंद्रगोल आहे. कागदाचा लगदा, खळ आणि खडूची भुकटी यांपासून माझा देह झाला. जिथे माझा जन्म झाला, त्या घरी शाळांसाठी पृथ्वीचे आणि चंद्राचे गोल करीत असत. खाली कारखाना, वर बिऱ्हाड आणि त्याच्या वर गच्ची. घराचे कर्ते एक वृद्ध कारागीर होते. त्यांची थोरली बहीण, जिला ते आक्का म्हणत, घराच्या किल्ल्या कमरेला बाळगून असे. मुलगा माल पोचवायला सदा बाहेरगावी, आणि रंगाच्या खोलीत बसत असे सून.

या घराची चंद्र करण्याची एक ठरलेली रीत होती. पृथ्वीवरून दिसते ती बाजू राखी रंगवायची, तिच्यावर डाग काढायचे. आणि जी बाजू कधीच दिसत नाही ती, म्हणजे पाठ, कुळकुळीत काळी करायची. तोंडाला दिवस, पाठीला रात्र. तीन पिढ्या असेच चंद्र या घरातून बाहेर पडले, आणि कोण जाणे किती मुलांनी असे मानले की चंद्राच्या पाठीवर सूर्य कधी उगवतच नाही. या घराला तो राखी रंग मोठ्या अभिमानाचा होता. चुलीची राख वस्त्रगाळ करून तो तयार होई, आणि तिचे प्रमाण घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हते.

आणि नेमका तोच रंग एके दिवशी शेजारच्या कारखान्याच्या गोलांवर बाजारात दिसला.

शेजारच्या कारखान्यात सुनेचा सख्खा भाऊ कामाला होता. त्या दिवसापासून घरातले बोलणे कमी झाले आणि पाहणे वाढले. सून दार उघडी, तर कोणीतरी मान वळवी. ती रंगाच्या वाटीला झाकण घाली, तर झाकण का घातले याचा विचार होई. मी तेव्हा तिच्या समोरच्या तिवईवर होतो. माझे तोंड रंगवून झाले होते आणि पाठ अजून कोरी होती.

रोज सकाळी काम अर्धे झाले की सून धुतलेले कुंचले वाळत घालायला गच्चीवर जाई आणि बऱ्याच वेळाने परते. एकदा आक्काने तिला जिन्यातच गाठले.

"कुंचले वाळत घालायला इतका वेळ? कुंचले आहेत की गाद्या?"

"चंद्र बघत होते, आत्याबाई."

"या वेळेला? दिवसा तारे दिसतात असं ऐकलं होतं. तुला थेट चंद्रच दिसला?"

"दिसतो हो. गिरणीच्या चिमणीच्या जरा वर."

"आणि त्या चिमणीच्या खाली कोणाचं अंगण आहे, तेही सांग की."

सून तिच्या बाजूने खाली उतरली. त्या चिमणीखाली शेजारच्या कारखान्याचे अंगण होते, हे सर्वांना माहीत होते. तिचे मौन हाच पुरावा झाला.

त्याच दुपारी वृद्ध कारागीर रंगाच्या खोलीत आले. माझी कोरी पाठ पाहून त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"हा अजून तसाच? शाळेचा माणूस आज-उद्या येईल."

"बाबा, याला काळा देऊ नये असं मला वाटतं."

"का?"

"रोज बघतेय मी. चंद्राच्या तोंडावरचा उजेड एका कडेनं कमी कमी होत चाललाय. परवा उजेडात होते ते डाग आज दिसत नाहीत. तोंडावर रात्र येते, तर पाठीवर दिवस येत नसेल कशावरून?"

"तीन पिढ्या आम्ही चंद्र करतोय, सूनबाई."

"हो. पण वर जाऊन..." एवढे बोलून ती थांबली. तिने ओठ मिटले.

वृद्धाला त्या मिटलेल्या ओठांत कारस्थान दिसले. माल अडवायचा, रंग बाहेर द्यायचा आणि वर चंद्राचे निमित्त सांगायचे, असा हिशोब त्यांनी मनाशी जुळवला. ते शांतपणे म्हणाले, "उद्यापासून या खोलीत यायचं नाही. किल्ली आक्काकडे दे."

मित्रांनो, त्या खोलीवाचून त्या घरात तिचे असे काहीच नव्हते. तिने कुंचले पुसले, ओळीने ठेवले आणि किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्ध स्वतः गच्चीवर गेले. सुनेचा भाऊ अंगणातून काय खुणा करतो ते त्यांना पाहायचे होते. कोणाला शंका येऊ नये म्हणून, जणू मला वाळवायला नेत आहेत असे दाखवून, त्यांनी मला काखेत धरले.

सूर्य आमच्या डाव्या अंगाला होता. वृद्ध कठड्याआड बसून खालचे अंगण न्याहाळू लागले. तिथे ओले साचे मांडलेले होते. सुनेचा भाऊ पाठमोरा बसून लगदा मळत होता. त्याने एकदाही वर पाहिले नाही. बराच वेळ गेला. वाकून वाकून वृद्धाची मान अवघडली, म्हणून त्यांनी ती वर केली.

चिमणीच्या वर चंद्र होता.

ज्याची मी प्रतिमा, त्याला मी त्या क्षणी प्रथम पाहिले. निळ्या आकाशात तो पांढऱ्या ढगाच्या ठिगळासारखा फिकट होता आणि अर्ध्याहून थोडा कमी उजळलेला. उरलेला भाग काळा नव्हता. तो आकाशाच्या निळाईत विरून गेला होता. वृद्धाने डोळे चोळले. मग, काय मनात आले कोण जाणे, त्यांनी हात लांब करून मला चंद्राच्या शेजारी धरले.

सूर्याचे ऊन माझ्यावर पडले. जेवढा तो उजळला होता तेवढाच मी उजळलो होतो. उजेडाची कडही त्याच बाजूला होती. त्यांनी मला सावकाश फिरवले. उजेड सूर्याकडे जिथल्या तिथे राहिला. माझे रंगवलेले तोंड हळूहळू अंधारात गेले, आणि माझी कोरी पाठ उन्हात आली.

ती काळी असती तर त्यांना हे कधीच दिसले नसते.

त्यांनी मला पुन्हा काखेत घेतले. मग खाली येऊन आक्काला म्हणाले, "किल्ली सूनबाईला दे."

"आणि राखी रंगाचं काय?" आक्काने विचारले. संशय असा एका जागेवरून उठला की दुसरी जागा धरतो. किल्ली मिळाली, पण घरातली नजर निवळली नाही.

ती निवळली दुसऱ्या दिवशी सकाळी, इतर रंग पोचवायला आलेल्या रंगवाल्यामुळे. तो डबे उतरवताना सहज म्हणाला, "तुमचे शेजारी हुशार हो. कुठल्याशा शाळेनं भंगारात टाकलेला तुमचा फुटका चंद्र त्यांनी आणला. त्याचा टवका माझ्यासमोर ठेवून म्हणाले, याच्याशी जुळेल असा रंग काढून दे. माझे आठ दिवस गेले त्यात."

सून माझ्या पाठीवर राखी रंगाचा हात देत होती. तिने मान वर केली नाही. आक्का उठली आणि जिना चढून गेली. परतली तेव्हा तिच्या हातात वाळलेले कुंचले होते.

"आहे खरा," ती म्हणाली. "पण किती फिकट. कोणी धुऊन वाळत घातल्यासारखा." आणि कुंचले सुनेपुढे ठेवून, "यापुढे हे मी आणत जाईन. तू बस."

पुढे त्या घरातून काळ्या पाठीचा चंद्र निघाला नाही. मी एका शाळेत गेलो. वर्गातल्या दिव्यासमोर मला फिरवले तेव्हा मुलांना समजले, की चंद्रावर जवळजवळ पंधरवडाभर दिवस असतो आणि तेवढीच लांब रात्र; की अमावास्येला त्याचे तोंड आपल्याला दिसत नाही तेव्हा त्याच्या पाठीवर भर दुपार असते; आणि तो दिवसाही पुष्कळदा आकाशात असतो, फक्त उजेडात लपतो. तेव्हा माझे फार कौतुक झाले. आता मी जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे पडून आहे, आणि माझा एक टवका उडाला आहे.

मित्रांनो, मला भंगारात टाकू नका. एका फेकलेल्या गोलाच्या तुकड्याने काय घडवले ते तुम्ही ऐकलेच. वाटल्यास ओल्या फडक्याने माझी धूळ पुसा आणि एखाद्या सकाळी मला बाहेर घेऊन चला. आणि कोणी म्हणाले, "मी दिवसा चंद्र पाहिला," तर हसण्याआधी अंगणात जाऊन या.

ज्या वृद्धाने संशय घेतला पण मान वर केली, जी आक्का बोलली पण जिना चढली, अंगणात पाठमोरा बसून निमूट काम करणारा तो भाऊ, आणि किल्ली देतानाही जिने कुंचले ओळीने ठेवले ती सून, त्या सर्वांचे कल्याण असो. त्यांच्या पाठीवरही ऊन पडो.