घाबरण्याआधी इथे दाबा

पुसून जाणारा फोटो हा फोटोच नव्हे, असं माझं मत आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते ऐकवतो. एकतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय मी. लोक फाटलेले, भिजलेले, बुरशी धरलेले फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, काका, एवढा कसाही करून वाचवा. मी वाचवतो. आणि माझी स्वतःची मुलगी मला पाठवते ते फोटो कसले, तर एकदा उघडून मिटला की संपला कारभार!

तिची बाजूही सांगतो, नाहीतर बायको म्हणेल, अर्धंच सांगितलंत. मुलगी सहा वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या होत्या. तोंडभर ठिपके, नाक लाल, आणि मी कॅमेरा घेऊन समोर उभा राहिलो म्हणून भयंकर चिडलेली. तो फोटो असा काही जमला की विचारू नका. एकेक ठिपका मोजून घ्यावा. मी तो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला, आणि तो तिथेच राहिला. अख्खी गल्ली तिला ठिपकी म्हणायला लागली. आता ती सव्वीस वर्षांची आहे, दुसऱ्या गावी कवळ्या बनवायच्या कामाला आहे, तरी गल्लीत पाऊल टाकलं की ठिपकीच.

सात महिन्यांपूर्वी ती तिच्या कामावरच्या एका मैत्रिणीला घेऊन आली. समोरच्या चांभारकाकांनी तिथूनच हाक मारली, "काय ठिपके, कधी आलीस?" मैत्रिणीने काचेकडे बघितलं आणि पोट धरून हसली. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, तो फोटो उतरवा."

"दुकान माझं, काच माझी, फोटोही मीच काढलेला," मी म्हणालो.

"आणि तोंड कुणाचं?"

मी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि तेव्हापासून हे पुसून जाणारे फोटो सुरू झाले. पहिल्याबरोबर लिहिलं होतं, "हा लावून दाखवा काचेत." मीही हट्टाला पेटलो. एकही उघडला नाही. बायकोचा फोन साधा, बटणांचा. ती माझ्या फोनवर उघडून बघायची आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची, "आज निळा स्वेटर घातलाय हं. केस कापलेत. वाळलीये जरा." मी नुसता हूं म्हणायचो. पण वाळलीये म्हटलं की दिवसभर ते डोक्यातून जात नसे.

परवा मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. बायको आतल्या खोलीत अल्बमची पानं कापत होती. फोटो होता, आणि खाली ओळ होती, "बाबा, आज तुम्ही स्वतः उघडा." आता इतकं म्हटल्यावर काय करणार? उघडला.

पांढरी खाट. खाटेवर माझी मुलगी, उशीला टेकलेली. दोन्ही हात सरळ पसरलेले, दोन्ही हातांत सुया, सुयांना नळ्या, नळ्या कुठल्यातरी यंत्रात गेलेल्या. आणि फोटोच्या खालच्या बाजूला एक निळी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं, "घाबरण्याआधी इथे दाबा."

शहाण्या माणसाने ती पट्टी दाबली असती. पण मी घाबरलो की माझे हात आपोआप धंदा करायला लागतात. आयुष्यभर एकच शिकलोय, जाणारी गोष्ट आधी पकडायची. मी फोन उचलला आणि जुने फोटो कॉपी करायच्या स्टँडखाली ठेवला. वरून कॅमेरा लावला. फोनच्या काचेवर ट्यूबलाइटची चमक येत होती, म्हणून ट्यूब बंद केली. बाजूचा दिवा तिरका केला. फोकस बघितला आणि खटका दाबला. एक आला. दुसरा घ्यावा म्हणून वाकलो, तर फोनचा पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला, तेव्हा फोटोच्या जागी नुसते दोन शब्द होते, "फोटो पाहिला."

"अगं, बाहेर ये!" मी ओरडलो.

बायको हातात कात्री घेऊनच आली. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "पट्टी दाबलीत?"

"नाही."

"का?"

"काचेवर चमक येत होती."

एकतीस वर्षं ही बाई माझ्याबरोबर आहे, पण त्या दिवशी तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं कधी बघितलं नव्हतं. "मुलगी इस्पितळात पडलीये," ती म्हणाली, "आणि तुम्ही चमक घालवत बसलात?" मग ती स्टुलावर बसली. तिच्या हातातली कात्री मीच काढून घेतली.

आम्ही फोन लावला. रिंग वाजली, वाजत राहिली, थांबली. पुन्हा लावला. सहा वेळा. बायको म्हणाली, "दोन्ही हातांना नळ्या आहेत म्हणालात ना? उचलणार कशाने?" हे तिला सुचलं, मला नाही. मला भलतंसलतंच सुचत होतं. सात महिने मी त्या पोरीचं तोंड बघितलं नव्हतं. ती वाळलीये हे मला दुसऱ्याकडून कळत होतं. का, तर काच माझी! लाज वाटली. खरंच सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उठलो आणि काढलेला फोटो छापला. पाटीएवढा मोठा. बायको म्हणाली, "आता हे काय?" मी तो ओला असतानाच काउंटरवर पसरला आणि निळ्या पट्टीवर अंगठा दाबला. हो, दाबला. कागदावर. बायकोने कपाळावर हात मारून घेतला, पण मग तिनेही एकदा दाबून बघितलं.

कागदातून काही उघडेना. मग मी भिंग घेतलं, निगेटिव्ह तपासायचं. आधी मुलीचा चेहरा बघितला. डोळ्यांखाली सूज नाही. ओठांचा रंग बरा आहे. आणि उजवा गाल किंचित वर उचललेला. ती खोटं हसते तेव्हा दोन्ही गाल एकदम उचलतात, खरं हसते तेव्हा आधी उजवा. लहानपणापासून मी तिला "हस गं" म्हणत आलोय, मला नाही कळणार तर कुणाला? "हसतेय ती," मी बायकोला म्हणालो. "खरं हसतेय."

"इस्पितळात कुणी खरं हसतं का?"

मग भिंग पट्टीवर आणलं. मोठ्या अक्षरांखाली करड्या रंगात बारीक इंग्रजी अक्षरं होती. उघड्या डोळ्यांना ती रेघच वाटली असती. पण चमक घालवली होती ना! एकेक अक्षर लखलखीत दिसत होतं. मी वाचत गेलो, बायको पावतीपुस्तकाच्या मागे लिहीत गेली. शेवटी तीन टिंबं होती. म्हणजे लिंकचा पत्ता तिथे संपत नव्हता, पुढचा भाग पट्टीत मावला नव्हता. तरी होतं तेवढं फोनमध्ये टाकलं.

उघडलं ते एका मोठ्या इस्पितळाचं पान. त्यावर विभागांची ही लांबलचक यादी. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग. बायको एकेक नाव मोठ्याने वाचायला लागली, तसा मी म्हणालो, "बास कर." सगळ्यात खाली दूरध्वनीचा क्रमांक होता. तो लावला.

पलीकडची बाई म्हणाली, "रुग्णांची माहिती आम्ही फोनवर देत नाही."

"मी बाप आहे तिचा!"

"असाल. पण मला इथून कसं कळणार?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने फोन ओढून घेतला. "ताई," ती म्हणाली, "माहिती नका देऊ. फक्त तिच्या खाटेपर्यंत निरोप पोचवा. म्हणावं, तुझ्या बाबांनी लिंक दाबायच्या ऐवजी तिचा फोटो काढला. तिला कळेल." मग ती बाई म्हणाली, "नाव सांगा. बघते."

वाट बघणं काय असतं ते त्या वीस मिनिटांत समजलं. त्यातच एक गिऱ्हाईक आलं, पासपोर्टच्या फोटोसाठी. शाळामास्तर होते. परत पाठवावं तर ते म्हणाले, आजच अर्ज द्यायचाय. बसवलं. हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका. ते म्हणाले, "मी हसत नाहीये, चेहराच तसा आहे." दुसरा एखादा दिवस असता तर आम्ही दोघंही हसलो असतो. मी चार प्रती कापल्या, पाकिटात घातल्या, आणि ते गेल्यावर बघतो तर पाकीट काउंटरवरच. धावत जाऊन देऊन आलो. परत येतोय तोच फोन वाजला.

पडद्यावर मुलगी होती. फोन नर्सने धरला होता. "बाबा," ती म्हणाली, "लिंक का नाही दाबली हो?"

बायको मध्ये घुसली, "आधी सांग, काय झालंय तुला?"

"काहीच नाही झालेलं! आई, मला काहीही झालेलं नाही. मी इथे द्यायला आलेय." मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कामावर रक्तपेशी देणारे शोधत काही लोक आले होते, गालाच्या आतून बोळा फिरवून नमुने घेऊन गेले. हिने दिला आणि विसरून गेली. मागच्या महिन्यात फोन आला, एका आजारी माणसाशी तुमचं जुळतंय. एका हातातून रक्त काढतात, यंत्रातून फिरवतात, त्यातल्या हव्या त्या पेशी तेवढ्या ठेवून घेतात आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत देतात. चार तास पडून राहायचं. संध्याकाळी घरी. "तेच सगळं त्या लिंकमध्ये होतं, घरच्यांसाठी सोप्या भाषेत. चित्रंसुद्धा होती, बाबा. चार तास हात अडकणार, म्हणून सिस्टरना फोटो काढून लगेच पाठवायला सांगितलं."

"दुखतंय का गं?" बायकोने विचारलं.

"पाच दिवस इंजेक्शनं घेतली तेव्हा हाडं ठणकली जरा. आत्ता फक्त नाक खाजतंय. सिस्टर, प्लीज..." पडद्यात एक हात आला आणि त्याने तिचं नाक खाजवलं. ती हसली. आधी उजवा गाल.

माझा जीव भांड्यात पडला. मास्तरांना बसवलं होतं त्या फिरत्या स्टुलावर मी बसलो आणि अर्धा गोल फिरलो. बायको डोळे पुसत होती आणि हसत होती आणि मला चापट्या मारत होती, तिन्ही एकदम.

"आधी सांगितलं का नाहीस?" मी शेवटी म्हणालो. जरा रागवायचा प्रयत्न केला, पण जमेना.

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

खरं होतं. म्हणालोच असतो. "ज्याला देतेयस तो कोण?"

"सांगत नाहीत. त्यालाही माझं नाव सांगत नाहीत."

"फोटोसुद्धा नाही?"

"नाही बाबा. कुणीच कुणाला बघायचं नाही. बरा झाला तर झाला, एवढंच." मग तिने विचारलं, "तो फोटो, तुम्ही काढलेला. आहे अजून?"

समोर काउंटरवर पाटीएवढा पडला होता. मी म्हणालो, "नाही. पडदा काळा झाला ना..."

"आहे गं!" बायको म्हणाली. "हा एवढा मोठा छापलाय. दोघांनी अंगठे दाबलेत त्यावर."

मुलगी इतकी हसली की नर्स म्हणाली, हात हलवू नकोस. हसून झाल्यावर म्हणाली, "कसा आलाय?"

"छान आलाय," मी म्हणालो. "अगदी छान आलीयेस."

"मग ठेवा तुमच्याकडे. पण काचेत नको."

"नाही लावणार."

"शप्पथ?"

"तुझं तोंड आहे," मी म्हणालो. नर्सने सांगितलं, आता पुरे, आणि फोन ठेवला.

बायको चहा टाकायला आत गेली. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दर्शनी काच मागून उघडली. वीस वर्षांत पाठचा पुठ्ठा उन्हाने पिवळा पडला होता. फोटो उतरवला तेव्हा त्याखालचा चौकोन कोरा, नव्यासारखा निघाला. ठिपकीच्या तोंडावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. ती माझ्याकडे तशीच चिडून बघत होती. तिला मी खणात ठेवलं आणि तिच्यावर आजची ठेवली.

समोरचे चांभारकाका आपलं काम टाकून रस्ता ओलांडून आले. रिकाम्या काचेकडे बघत म्हणाले, "हे काय? आमची पोरगी कुठे गेली?"

"बरी आहे," मी म्हणालो. "एकदम बरी आहे हो."