चप्पल रांगेत, मावशी बाकावर

थायलंडच्या ईशान्येला, आमच्या इसानातल्या सरकारी दवाखान्यात रांगेत माणसं उभी राहत नाहीत, चपला राहतात. सकाळी येऊन चपला मांडायच्या आणि अनवाणी बाकावर बसून चिकट भाताचे गोळे खायचे. रांग पुढे सरकवायला शिपाई पायाने चपला ढकलतो. एवढंच काय ते इथलं कर्तृत्व.

माझ्या प्रायून मावशीचा डावा खुबा पार झिजलाय. तो पाय चार बोटं आखूड झालाय, म्हणून त्या चपलेला चार बोटं जाड तळ लावलाय. चप्पल घातली की मावशी डुलत का होईना चालते. काढली की जागची हलत नाही. खुबा बदलायचा तर बँकॉकच्या हाडवाल्या डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख मिळायला हवी, आणि ते महाराज महिन्यातून एकदाच उगवतात.

दुपारी दारातून सुमाली नर्स ओरडली, "प्रायून!"

"आले गं बाई! ती चप्पल तेवढी इकडे दे."

"मी नाही हात लावणार. दारापर्यंत या आणि आपापली घ्या."

"अगं, चपलेशिवाय चालता येत नाही मला!"

"मग रांगेत ठेवलीत कशाला?"

"चपलेशिवाय नंबर नाही म्हणालीस ना सकाळी?"

"नियम आहे तो. मी काय करू?"

मी चप्पल उचलायला वाकले, तर अख्खा बाक खवळला. "ए, दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही! रांग बिघडते!" जन्मभर वशिल्याने घुसणारे लोक हे! शेवटी मी मावशीला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट दारापर्यंत फरफटत नेलं. तिथे तिने चपला चढवल्या आणि ऐटीत आत शिरली.

डॉक्टरांनी अर्धा डोळा वर केला. "चालताय की झकास! ऑपरेशन कशाला हवंय? हिंडा, फिरा, वजन उतरवा. पुढचा!"

"साहेब, ही चप्पल चालतेय. मी नाही."

"पुढचा!"

मावशीने डावी चप्पल काढली आणि मेजावर सरळ त्यांच्या नाकासमोर ठेवली. आमच्याकडे नुसता पाय कुणाच्या दिशेने केला तरी भांडणं होतात. सुमालीने किंकाळी फोडली.

"उचला ती! आत्ताच्या आत्ता!" साहेब चाकाच्या खुर्चीसकट मागे सरकले.

"उचलते ना," म्हणत मावशीने मेजाच्या कडेने पाऊल टाकलं. खुब्याने दगा दिला आणि ती थेट साहेबांच्या मांडीवर कोसळली. खुर्ची दोघांना घेऊन घरंगळली ती भिंतीवर जाऊन धडकली.

"आता दिसलं?" मावशीने मांडीवरूनच विचारलं.

"दिसलं, दिसलं! उठा आधी!"

"उठता येत नाही. म्हणून तर आलेय."

"सुमाली, तारीख लिही! जवळातली जवळची लिही!"

तारीख मिळाली. मग साहेबांनी मेज स्पिरिटने पुसून घेतलं, हात धुतले, कोटही बदलला. मावशीच्या खुब्याला मात्र त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.