अध्यक्षांमार्फत

ग्लासवरच्या झाकणाची गुंडी सैल झाली होती. बोटाने जरा ढकलली की ती आपल्याआपण गोल फिरायची, झाकण मात्र जागचं हलायचं नाही... सभागृहाच्या त्या उंच खुर्चीत बसून ती सकाळपासून हाच चाळा करत होती, आणि समोर पाणीपुरवठा मंत्री छापील उत्तर वाचत होते – हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. नदीकाठच्या एका गावात नळाला गढूळ पाणी येतं, घरोघर कावीळ आहे, शाळेतली एक मुलगी त्यात गेली, असा प्रश्न होता, आणि म्हणे तो उद्भवत नव्हता. ज्याने तो विचारला होता तो सभासद डावीकडच्या पहिल्या बाकावर हाताची घडी घालून शांतपणे ऐकत होता. तो तिचा थोरला भाऊ होता.

हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. इथे ती अध्यक्ष महोदया, तो सन्माननीय सदस्य, बस्स. ती समोरच्या पक्षाच्या तिकिटावर उभी राहिली त्या दिवसापासून दादाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. टाकलं म्हणजे साफच टाकलं. सणसमारंभाला घरी गेली तर तिच्यासमोर बसून वहिनीला सांगायचा, विचारा त्यांना, भाजी हवी का. आणि तीही काही कमी नाही, ती वहिनीला सांगणार, त्यांना म्हणावं पोट भरलं. एकदा वहिनी वैतागून म्हणाली होती, मला एक घंटा तरी आणून द्या, वाजवत बसते मधे. दोघांनाही हसू आलं होतं. दोघांनीही ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

आता गंमत बघा. घरी ज्याने तोंड फिरवलं त्याला इथे तोंड तिच्याकडेच करावं लागायचं, कारण नियमच तसा – मंत्र्यांना काय विचारायचं ते अध्यक्षांमार्फत विचारा. म्हणजे प्रश्न त्यांना, डोळे माझ्याकडे. इतक्या वर्षांत दादा माझ्याशी जेवढं म्हणून बोलला तेवढं या खोलीत, माझ्या डोळ्यांत बघून, आणि त्यातला एक शब्द माझा नाही... बरं, त्याच्या त्या 'आपण'वरून तरी काही कळावं? लहानपणी दादा रागावला की अहो-जाहोवर यायचा, आणि फार लाडात आला की तेव्हाही अहो-जाहोच. 'काय वकीलसाहेब, आज कुणाशी भांडलात?' ती परकर सावरत पुढे व्हायची आणि सांगत सुटायची.

मंत्री खाली बसले. ती माइकजवळ वाकून म्हणाली, सन्माननीय सदस्य, उपप्रश्न.

दादा उठला. डावा गुडघा आताशा त्याला फार छळत होता. बाकाच्या कडेवर तळहात रोवून, एकदा थांबून, मग उरलेलं उठणं. सभागृहात दुसरं कुणी हे एवढं न्याहाळत नसेल. अध्यक्ष उभे राहिले की सभासदाने बोलणं तोडून खाली बसायचं, हा इथला रिवाज, म्हणून ती गोंधळ झाला तरी शक्यतो घंटेवरच भागवायची. अध्यक्षा फार मऊ आहेत, असं तिच्या पक्षातले लोक म्हणत. म्हणोत बापडे.

दादाने पहिला उपप्रश्न विचारला आणि तिला नेहमीसारखं बरं वाटलं. काय विचारतो हा माणूस! आवाज चढत नाही, विशेषण नाही, टोमणा नाही. 'अध्यक्ष महोदया, मंत्री महोदयांच्या कामाचा व्याप मी जाणतो, म्हणून थोडक्यात विचारतो' – आणि मग एकच साधी गोष्ट, पाणी शेवटचं कधी तपासलं. तरुण सभासद त्याच्यामागे बसून हे शिकायचा प्रयत्न करत आणि त्यांच्या तोंडी ते गुळचट व्हायचं. दादाचं तसं व्हायचं नाही, कारण तो खरोखरच समोरच्याला माणूस समजायचा. मी त्याच्या पक्षात राहून सतरंज्याच उचलायच्या का, असं मी त्याला चार लोकांत विचारलं होतं, तेव्हासुद्धा तो एवढंच म्हणाला होता, 'तुमची मर्जी.' माझ्या त्या प्रश्नाला दुसरं उत्तर तरी काय होतं?

मंत्र्यांनी उत्तरात धरणाची उंची सांगितली. दुसऱ्या उपप्रश्नाला त्यांनी आधीच्या सरकारचा कारभार सांगितला, आणि मग जे व्हायचं तेच झालं. दोन्ही बाजू उठल्या, कागद फडफडले, कुणी बाक बडवू लागलं. तिने घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. तिच्याच बाजूचे दोघे तर मधल्या जागेत उतरून दादाकडे बोट करून ओरडत होते, मेलेल्या पोरीवर राजकारण करता, लाज वाटते का. आता घंटेने भागणार नव्हतं.

ती उभी राहिली.

आणि सगळ्या सभागृहात सर्वांत आधी बसला तो दादा. ओरडणारे ओरडत होते, तिच्या पक्षाचे सगळे उभे होते, आणि ज्याचं अर्धं वाक्य तोंडात होतं तो एवढा मोठा माणूस धाकट्या बहिणीला उभी पाहून तळहात रोवून, ओठ घट्ट मिटून, खाली बसला... ती त्या दोघांना जागेवर जायला सांगत होती, शब्द कामकाजातून काढायला सांगत होती, सगळं बिनचूक, पण मनात एवढंच की त्या गुडघ्याला हा जास्तीचा त्रास माझ्यामुळे. मग सभागृह निवलं, ती बसली, आणि तो पुन्हा उठायला लागला.

"अध्यक्ष महोदया, आपली परवानगी असेल, तर आणखी एक विचारतो."

दोनच उपप्रश्नांची प्रथा होती. तिसरा द्यायचा की नाही हे अध्यक्षांच्या मनावर. सकाळी तिच्या दालनात प्रतोद चहा पिऊन गेले होते, पक्षाच्या वतीने सगळ्यांना हाकणारे ते हसतमुख गृहस्थ. ताई, तेवढा पाण्याचा प्रश्न आटपता घ्या, दोनाच्या वर जाऊ नका. मग कप ठेवता ठेवता, पुढच्या अधिवेशनालाही या खुर्चीत आपणच असाव्यात असं सगळ्यांना वाटतं हो. तेही किती आदबीने. आता ते समोरून तिच्याकडे बघत होते आणि मान अगदी बारीक हलवत होते. नाही म्हटलं तर कुणी बोट दाखवणार नाही, प्रथाच आहे. हो म्हटलं तर लोक म्हणणार भावाला दिलं, आणि खुर्ची जाणार ती वेगळीच. या खुर्चीपायी तर मी दादा घालवला. आणि ही खुर्ची आहे म्हणून तर तो महिन्यातून चार वाक्यं तरी बोलतो... गुंडी फिरत होती.

"विचारा," ती म्हणाली. मग, आपण बोलतोय हे कळायच्या आत, "सन्माननीय सदस्यांनी बसून विचारलं तरी चालेल."

दादाने बाकावरचा तळहात उचलला आणि ताठ उभा राहिला.

"आपला आभारी आहे. पण अध्यक्षांशी उभं राहूनच बोलावं."

मग त्याने मंत्र्यांना जे विचारलं ते ऐकून ती थेट स्वयंपाकघरात जाऊन पोहोचली – लोणच्याची बरणी फुटलेली, आई चिडून विचारतेय कुणी फोडली, तोंड उघडतेस की नाही, आणि ती दाराआड, मी नाही, मी नाही. मग दादा तिच्यापुढे उकिडवा बसला. 'बरणी आधीच तडकलेली होती का हो, वकीलसाहेब?' ती तडकलेली नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. ती भोकाड पसरून म्हणाली होती, नव्हती, मीच फोडली. नंतर तिचं नाक पुसत तो म्हणाला, विचारताना माणसाला खरं बोलायला जागा ठेवावी गं.

"अध्यक्ष महोदया," दादा म्हणत होता, "ही माहिती मंत्री महोदयांना खात्यानेच चुकीची पुरवली असण्याचा संभव आहे. तसं असेल, तर ती तपासून बघायला त्यांना उद्यापर्यंतचा वेळ पुरेल का?"

मंत्री उभे राहिले, हातातला कागद बघितला, मग तो बाकावर उपडा ठेवला. घाम पुसला. प्रतोद काहीतरी पुटपुटले, ते त्यांनी ऐकलं नाही.

"पुरेल," मंत्री म्हणाले. "अध्यक्ष महोदया, मलाही हे उत्तर वाचताना... बरोबर वाटत नव्हतं. आज तिथले नळ बंद करतो, टँकरने पाणी देतो. खरं काय ते उद्या इथे सांगतो."

दादाने मंत्र्यांचे आभार मानले, मग अध्यक्षांचे, जसे तो दरवेळी मानतो, त्याच शब्दांत, आणि बसला. प्रतोद कागद गोळा करून तिच्याकडे न बघता निघून गेले. जाऊ देत. ती दादाकडे बघत राहिली. ते आभार खुर्चीचे होते का माझे? या सभागृहात कुणीही कुणालाही प्रश्न विचारू शकतं, फक्त अध्यक्षाला ती सोय नाही. आणि घरी? घरी मी तरी काय विचारलं त्याला? अजून किती वर्षं हे चालायचं. माझं काय चुकलं ते तरी सांगा. सगळं वहिनीच्या हाती, आणि एकातही त्याला उत्तर द्यायला बोटभर जागा नाही...

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. तिने झाकण बाजूला केलं, पाणी प्यायली, आणि एक सभासद रस्त्यांविषयी काही विचारत असताना मनातल्या मनात एक वाक्य जुळवायला लागली – दादा, गुडघा आधीपासूनच दुखत होता का रे? दुखत होता, हे तिला माहीत होतं. वाक्य तिने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ते वहिनीमार्फत विचारण्यासारखं नव्हतं.