एका कुटुंबात दोन प्रमुख

त्या सोमवारी मारिट स्वतःवर इतकी खूश होती, इतकी खूश होती, की जिना उतरताना चक्क गुणगुणत होती. रिपोर्ट स्वच्छ! एकसुद्धा लाल ओळ नाही!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण तिचं काम काय ते आधी ऐका. अमेरिकेतल्या आमच्या डलुथ शहरातला तो घर नसलेल्यांचा निवारा आहे ना, तिथे खाली पुरुष झोपतात, वरच्या मजल्यावर बायका, आणि त्याच्याही वर, जिथे पूर्वी चर्चची गाणारी मंडळी सराव करायची, त्या खोलीत मारिट एकटी बसते. कोण आलं, किती राहिलं, निघून कुठे गेलं, घर मिळालं की परत रस्त्यावर, हे सगळं खालच्या लोकांनी भरलेलं असतं. मारिट त्याचा रिपोर्ट काढते, आणि त्यावरून निधी देणारे सरकारी लोक ठरवतात की हा निवारा बरं काम करतोय की नुसताच सूप वाटतोय. तर रिपोर्ट काढला की चुका लाल ओळींत दिसतात. कोणाची जन्मतारीख पुढच्या वर्षीची, कोणी यायच्या आधीच निघून गेलेलं, एक बाबा तर वय वर्षं चार आणि सैन्यातून निवृत्त! एक ओळ निस्तरली की रिपोर्ट परत काढायचा. परत लाल. लांब केस विंचरल्यासारखं, इथला गुंता सुटला की तिथे दुसरा.

आणि त्या वेळी एका ओळीने तिला फार छळलं होतं. ‘एका कुटुंबात दोन प्रमुख.’ आयली कांगस, वय एक्क्याऐंशी, बायकांच्या मजल्यावर. वेंडल प्रुइट, वय एकसष्ट, पुरुषांच्या. आडनावं वेगळी, मजले वेगळे, वयात वीस वर्षांचं अंतर. मारिटला वाटलं, रात्रपाळीवाल्याने पेंगता पेंगता चिकटवलेत. चिकटवतात हो ते! मागे एकदा त्यांनी एका माणसाला त्याचाच भाऊ करून ठेवलं होतं. मग तिने दोघांना वेगळं केलं. तू एकटी, तू एकटा. लाल ओळ गायब! तिची साहेब कॉरिन स्वतः वेलचीचा पाव घेऊन वर आली आणि म्हणाली, “मारिट, तू नसतीस तर मी या रिपोर्टपायी वेडी झाले असते.”

आठवडा गेला. मग एका सकाळी वरचं कॉफीचं मशीन बिघडलं, आणि मारिट कप घेऊन खाली जेवणघरात आली. एरवी ती येत नसे. म्हणजे मनात काही नव्हतं तिच्या, पण ज्यांचे जन्मदिवस, आजार, कर्ज, सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यांच्यासमोर बसून “आज थंडी आहे नाही” कसं म्हणणार? तिला लाज वाटायची.

खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारी आणि एक जाडजूड माणूस बसले होते. मध्ये हॉटडिशची, म्हणजे बटाटे आणि मांस एकत्र भाजतात त्याची, एकच ताटली. माणूस त्यातलं मांस बारीक करून म्हातारीच्या बाजूला सारत होता, कारण तिचे हात थरथरत होते. आणि बाजूला पत्रांची दोन पाकिटं, फोडलेली.

“बरं झालं,” म्हातारी म्हणाली. “आता तुझं घोरणं नाही. मजला वेगळा असून ऐकू येतं मला.”

“आणि मी सकाळी सकाळी डोनट खाणार,” तो म्हणाला. “साखरेचे. कोण अडवतंय बघू.”

“खा. पाय सडले की मला फोन करू नकोस.”

“तुझ्याकडे फोन आहेच कुठे, मा?”

तो ताटलीतले बटाटे इकडून तिकडे लोटत राहिला. जरा वेळाने, अगदी हळू, त्याने विचारलं, “तुझ्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?”

“असेल तिथे कोणीतरी.”

“तू कोणाला हात लावू देतेस? त्या नर्सला चावली होतीस.”

“चावले नव्हते. दात दाखवले होते.”

मारिट कप घेऊन टेबलाजवळ सरकली. तिची नजर पाकिटांवर गेली. एकावर आयली कांगस, एकावर वेंडल प्रुइट. कप टेकवताना तिची कॉफी टेबलावर सांडली.

“माफ करा,” ती म्हणाली, “तुम्ही दोघं... एकमेकांचे कोण?”

“जावई आहे माझा,” आयली म्हणाली. “म्हणजे होता. माझ्या मुलीने याला सोडलं आणि फ्लोरिडाला गेली. तिने सोडलं म्हणून मी कशाला सोडू? मला जिना कोण चढवणार, ती?”

“घटस्फोटाच्या कागदावर सासूचं नाव नव्हतं,” वेंडल म्हणाला. “मी नीट बघितलं होतं.”

आणि मग कळलं सगळं. घरमालकाने इमारत विकली तेव्हा दोघं एकत्रच बाहेर पडले, एकत्रच इथे आले. आता पत्रं आली होती. त्याला डोंगरावरच्या इमारतीत एक खोली, तिला पार पश्चिमेच्या टोकाला. दोन बस बदलायच्या, आणि आमच्याकडच्या बर्फात एक्क्याऐंशीच्या बाईने दोन बस बदलायच्या म्हणजे विसराच. कारण रिपोर्टमागच्या त्याच माहितीवरून घरांची यादी निघते, आणि यादीत दोघं एकटे होते. मारिटने केलेले.

“उत्तर कधी द्यायचंय?”

“आज संध्याकाळपर्यंत. हो म्हणायचंय,” वेंडल म्हणाला. “नाही कसं म्हणणार? छप्पर आहे ते.”

मारिट अशी पळाली, अशी पळाली, की कपातली उरलेली कॉफी जिन्यावर सांडत गेली. कॉरिनच्या खोलीत घुसून तिने एका दमात सगळं सांगितलं.

कॉरिनने चष्मा काढला. “रिपोर्ट काल गेला, मारिट. पत्रं निघाली म्हणून त्यात हे दोघं ‘घर मिळालं’मध्ये धरलेत. आता परत उघडायचा, कारण लिहायचं, आकडा खाली येणार. आधीच आपण काठावर आहोत.”

“पण नियम आहे ना! जे एकत्र येतात आणि आम्ही एक कुटुंब म्हणतात, ते कुटुंब. लग्न, रक्त, काही लागत नाही.”

“नियम मला नको शिकवूस, मीच तुला शिकवलाय.” कॉरिनने डोळे चोळले. “आकड्याचं मी बघते. पण त्यांना नीट सांग. या दोन खोल्या हातच्या जाणार. दोघांची मिळून जागा कधी येईल, देव जाणे. आणि कुटुंब जोडलंस की तीच लाल ओळ परत येणार. एकच प्रमुख ठरव. मग मी घरांच्या यादीवाल्यांना फोन करते.”

मारिट परत खाली. खोल्या जाणार हे तिने सांगितलं, काही न लपवता. आयलीने आपलं पाकीट उचललं, टेबलावर सांडलेली मारिटची कॉफी त्या कागदाने पुसली आणि हात वेंडलपुढे केला. “तुझंही दे. इथे अजून ओलं आहे.”

वेंडलने दिलं. झालं, हा त्यांचा विचारविनिमय!

“आता एकच,” मारिट म्हणाली. “कुटुंबाचा प्रमुख कोण लिहू? आलात त्या दिवशी दोघांनीही मीच म्हणून सांगितलं होतं.”

“भांडलो होतो,” वेंडल म्हणाला. “तो रात्रपाळीवाला बिचारा रडायला आला होता.”

“मग आता?”

“त्याला लिही,” आयली म्हणाली.

“तिला लिही,” वेंडल म्हणाला, त्याच क्षणी.

“गाढवा, मी सांगतेय ना, तुझं नाव!”

“मा, गप्प बस. पोरी, तिचं लिही.”

घ्या! आधी दोन प्रमुख, आता एकही नाही. तेही लालच दिसतं, बरं का, कॉम्प्युटरला दोन्हींचा सारखाच राग. मारिट रडकुंडीला आली. “अहो, पण का? तेव्हा तर दोघांना हवं होतं!”

वेंडलने मान खाली घातली. “तेव्हा वाटलं, नुसती सही करायचीय. आता ही पत्रं बघितली. जागा कमी पडली तर आधी प्रमुखाला देतात ना? मग तिला मिळू दे. मी गाडीखालीसुद्धा झोपेन.”

“आणि मी किती वर्षं जगणार?” आयली त्याच्याकडे न बघता म्हणाली. “त्याला पुढे बरेच हिवाळे काढायचेत.”

मारिटने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसली. “ऐका. प्रमुखाला काहीच जास्त मिळत नाही. ना आधी, ना मोठी खोली. ओळ त्याच्या नावाने सुरू होते, बस. मिळेल ते दोघांना मिळेल, नाहीतर कोणालाच नाही.”

“काहीच मिळत नाही?”

“काही नाही.”

“मग मला लिही,” आयली ताठ बसत म्हणाली. “हे आधी सांगायचं नाही का, पोरी?”

वेंडल इतका हसला, इतका हसला, की भांडी घासणारा माणूस बाहेर येऊन बघून गेला.

नात्याच्या रकान्यात ‘मुलीने सोडलेला जावई’ असं काही नसतं. ‘इतर नातेवाईक’ असतं, आणि त्याच्या खाली ‘नातं नाही’. मारिटने कोणतं निवडलं ते सांगायला नको. रिपोर्ट परत काढला. आकडा घसरला, पण लाल ओळ नव्हती. कारणाच्या जागी कॉरिनने लिहिलं, ‘हे दोघे एकत्र आहेत, आम्ही चुकून वेगळे केले होते,’ आणि फोन उचलला.

जागा यायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू. हिवाळा सरून गावाजवळच्या सरोवरातला बर्फ फुटला तेव्हा कुठे एका बेकरीच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. जिना नाही, मात्र पहाटेपासून डोनटचा वास. आयली म्हणाली, हा कट आहे.

सामान होतं किती, तरी मारिट पोचवायला गेली. आत एकच खुर्ची होती. आयली तिच्यात बसली, मांडीवर चावी, वेंडल थेंबांची बाटली हलवत समोर उभा राहिला.

“वर बघ, प्रमुख.”

“आधी हात धू,” आयली म्हणाली.