मिरच्यांचा ठसका

"देवमन, तुह्या कुंडीतलं पानी आन," खुशालराव पाटील म्हणाले, मारुतीच्या पारापाशी सारं गाव जमलं होतं.

पाणी कशाला हवं, हे देवमनला लगेच कळलं. चांभाराच्या कुंडीतलं, कातडं भिजलेलं पाणी पाजलं की चेटकिणीची विद्या मरते, असं गाव मानत आलं होतं. आणि पाराखाली बसवलेली चेटकीण म्हणजे मनकर्णा. विधवा, एकटी. गावातल्या निम्म्या लेकरांची दृष्ट तिनेच काढलेली; खुद्द खुशालरावांचीही, ते रांगत होते तेव्हा. आता तिचं कपाळ फुटलं होतं आणि पदराचं तिला भान नव्हतं.

परवा पाटलांचा एकुलता नातू हगवणीने गेला होता.

देवमन उभ्या जन्मात पाटलांपुढे मान वर करून बोलला नव्हता. बायको त्याला गोगलगाय म्हणायची आणि तोही हसून मान डोलवायचा. आताही तो मुकाट्याने घरी गेला. कातडी बाहेर काढून ठेवली. मातीची कुंडी बापाच्या वेळची. ती उचलून तो पारापाशी घेऊन आला.

"पाज तिले," पाटील म्हणाले.

देवमनने कुंडी खाली ठेवली. "मालक, एक सांगू का जी? लेकरू आजारी पडलं त्या दिवशी मी तुमच्याच ओसरीवर व्हतो. लेकराच्या नव्या वहाना घेऊन आलतो. या मनकर्णा मायनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, अन् असा ठसका उठला का मी खोकलून खोकलून बेजार झालो. नजर असती तं ठसका आला असता का?"

नजर लागलेली असली की मिरच्या जळतात पण ठसका येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"माय तवाच बोलली, हे नजर नाई, पोराले बाळापूरच्या दवाखान्यात न्या. तुमी म्हनलं, गाडीत कापूस भरला हाय, उद्या पाहू."

खुशालरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याच्या शब्दाला सारं गाव मान द्यायचं, तो माणूस क्षणभर मनकर्णेकडे बघत राहिला. तेव्हा त्याने खरं बोलायला हवं होतं. पण मग नातू कोणामुळे गेला, याचं एकच उत्तर उरलं असतं.

"इनं चांभारावरबी करनी केली," ते म्हणाले. "पाजा रे."

दोघे जण पुढे झाले. त्यांचा हात पोचायच्या आत देवमनने कुंडी उचलली आणि पाराच्या दगडावर आपटली. कुबट पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं.

लोकांनी त्याला बडवलं. मनकर्णेला ढकलत शिवेबाहेर काढलं. पुढे ती कुठे गेली, जगली की मेली, कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर देवमनकडे कोणी काम आणेना. एका दुपारी खुशालराव एकटेच आले. उपरण्याखालून त्यांनी नातवाच्या वहाणा काढल्या आणि देवमनपुढे ठेवल्या.

"तुहं खोकलनं मले आयकू आलं व्हतं," ते खाली बघत म्हणाले.

"हे पारावर सांगा, मालक."

पाटील उपरणं सावरून निघून गेले.

त्या चिमुकल्या वहाणांच्या तळांना मातीसुद्धा लागलेली नव्हती. देवमनने त्या खुंटीला टांगल्या आणि रिकामे हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला.