चार पावलांचा एक श्वास

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की जयमाला मॅडमनी लपवून ठेवलं. चिखलीच्या मुलींच्या शाळेत मी चौदा वर्षं संगीत शिकवत होते, गायनात विशारद होते, आणि माझ्या वर्गात कुणी बेसूर हसलं तरी माझ्या कपाळावर आठी पडायची.

ही गोष्ट २००७ सालची. पुण्याच्या एका संस्थेच्या मनात आलं, की कापूसपट्ट्यातल्या मुलांचा वाद्यवृंद काढावा आणि वर्षाअखेर पुण्यात त्यांचा कार्यक्रम करावा. एक दिवस टेम्पोभर वाद्यं शाळेच्या दारात येऊन उतरली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ड्रम, बासऱ्या आणि एक पेटी. दर रविवारी आसपासच्या गावांतून पंचवीस-तीस पोरंपोरी जीपनं, एसटीनं यायला लागली. पेटी आणि सूर माझ्याकडे आले. पण फुंकायच्या वाद्यांना मास्तर कुठून आणायचा? अख्ख्या जिल्ह्यात शोधलं, तर एकच नाव पुढं आलं. धाड गावचे मेहबूब मास्तर, लग्नाच्या बँडवाले.

मास्तर लगेच तयार झाले, कारण हाताला काम नव्हतं. बीटी कपाशीचं बियाणं नवं नवं आलं तेव्हा त्यांची चंगळ होती. बियाण्याच्या कंपन्या ट्रॅक्टर सजवून गावोगाव फेरी काढायच्या आणि पुढं मास्तरांचा बँड. नंतर दोन वर्षं कपाशीवर लाल्या रोग पडला, लोकांनी लग्नं सामुदायिक विवाहात उरकायला सुरुवात केली, आणि चाळीस नवरदेवांत एक बँड पुरायला लागला. तोही बहुतेक दुसऱ्या कुणाचा.

पहिल्याच रविवारी आमचं वाजलं. मी मुलांना सतरंजीवर मांडी घालून बसवलं होतं. मास्तर आले, लाल कोट, जरीची किनार, एका खांद्यावरची झालर उसवलेली. त्यांनी मुलांना उठवलं आणि थेट मैदानावर नेलं.

"कुठं चालले?" मी विचारलं.

"वाजवाले, म्याडम."

"मग बसून वाजवा ना."

ते खरोखर बुचकळ्यात पडले. "बसून कोन वाजवते जी?"

आणि फेऱ्या सुरू. मास्तर मुलांकडे तोंड करून उलटे चालतायत, मुलं त्यांच्यामागून, म्हणजे त्यांच्यापुढून, आता हे कसं सांगावं, ते मागं सरतायत आणि मुलं त्यांच्या अंगावर चालून जातायत. धुरळा नुसता. नोटेशनचा कागद कुणाच्या हातात नाही. माझं डोकं असं फिरलं की त्याच संध्याकाळी मी पुण्याला पत्र लिहिलं. 'सदर शिक्षकांस कोणतेही संगीतशिक्षण नाही. नोटेशन येत नाही. मुलांना मैदानावर फिरवतात.' अक्षर मुद्दाम सुबक काढलं. पत्र टपालपेटीत टाकलं आणि मला छान झोप लागली.

दोनेक महिने गेले. नाजिश नावाची एक पोरगी क्लॅरिनेट घेऊन बसायची. अंगानं काडी, आणि दम तर त्याहून बारीक. दोन सूर झाले की खोकला. मी तिला सांगून सांगून थकले होते, की पोटातून श्वास घे. माझ्या गुरुजींनीही मला तेच सांगितलं होतं, आणि पोट म्हणजे नेमकं कुठलं हे मला तोवर कळलेलं नव्हतं.

मास्तरांनी तिला चालायला लावलं. म्हणाले, "चार पावलं, एक श्वास. पाचव्या पावलाले दुसरा. श्वासाकडं पाहूच नोको वं, पायाकडं पाह्य."

ती चालली. तिसऱ्या फेरीला तिचा सूर असा सरळ, न थरथरता निघाला, की मी हातातला खडू खाली ठेवला. सगळे गेल्यावर शाळेच्या व्हरांड्यात मी एकटीच चालत गाऊन पाहिलं. चार पावलं, एक श्वास. लागला की हो सूर! इतका राग आला मला, स्वतःचा.

त्यानंतर आमची गट्टी जमली. मी दुर्गा रागात एक छोटी रचना बांधली, मास्तरांनी ती मुलांच्या पायांत बसवली. रविवार कधी येतो असं मला व्हायला लागलं. पत्राचं मी विसरूनच गेले होते, म्हणजे विसरल्यासारखं करत होते.

आणि पुण्याहून उत्तर आलं. 'आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने संस्थेच्या सिंधूताई पाहणीस येत आहेत. दोन्ही प्रशिक्षकांनी आपली पार्श्वभूमी सोबतच्या अर्जात भरून ठेवावी. अपात्र व्यक्तीस पुढे ठेवता येणार नाही.'

मास्तरांना लिहिणं फारसं यायचं नाही, म्हणून अर्ज घेऊन मी धाडला त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको सरवरी हिनं चहा ठेवला. मी एकेक रकाना वाचायला लागले.

"अध्यापनाचा अनुभव. किती जणांना शिकवलं?"

"एकेचाळीस मान्सं. दिवसा कापूस वेचे, संध्याकाळी बँड शिके. बारा जनाईनं सोताचे बँड काढले."

लिहिलं. "सादरीकरण. मान्यवरांसमोर वादन केलं असल्यास?"

"नवरदेवासमोर."

"मान्यवर, मास्तर."

"मंग? त्या दिवशी त्याच्याहून मोठा कोन असते? पंचवीस वर्सं झाली, घोड्याच्या समोरच हावो."

सरवरी आतून म्हणाली, "घोडाबी लिवा. तो तर ध्यान देऊन आयके." आम्ही तिघंही खूप हसलो. हसता हसता मास्तरांनी विचारलं, "म्याडम, पन हे एकदम काऊन आलं? कोनं तक्रार केली का?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"मी केली," मी म्हटलं. "पहिल्याच आठवड्यात."

सरवरी चहाचे कप घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मास्तरांनी विचारलं, "काय लिवलं होतं?"

मी सांगितलं, शब्दाला शब्द.

"खोटं तर काईच नाही लिवलं," ते म्हणाले. चहा मी प्यायले, पण मला एसटीपर्यंत पोचवायला मास्तर उठले नाहीत. बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले. त्यांचं काम जाणार होतं आणि घालवणारी मी होते.

सिंधूताई आल्या. पांढरे केस, चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवलेली बाई, बोलणं मोजकं. शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी खुर्च्या मांडून घेतल्या. "पुण्यात कार्यक्रम बसून होतो," म्हणाल्या, "तेव्हा मुलांनी बसावं. मास्तर, आपणही बसा."

मास्तर खुर्चीच्या टोकाला टेकले. मी पेटीवर सूर दिला आणि मुलांनी दुर्गा सुरू केला.

काय सांगू. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरीला ट्रम्पेट पुढं पळाले, ड्रम मागं राहिला, नाजिशला खोकला आला. बसल्या जागी पोरांच्या पायांना काही कामच नव्हतं. सिंधूताईंनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात मास्तर उठले. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं एक पाऊल मागं गेलं.

झालं. अख्खा वाद्यवृंद उभा राहिला आणि एक पाऊल पुढं आला. मास्तर दुसरं पाऊल मागं, मुलं दुसरं पुढं. दोन खुर्च्या आडव्या झाल्या. मास्तरांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, थांबावं तर सूर तुटतो, आणि वाजत असताना थांबणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते तसेच उलटे दारातून बाहेर पडले, तीन पायऱ्या न बघता उतरले, आणि मागून सगळी वरात. चौथ्या पावलाला सूर जुळला. ड्रम जागेवर आला. दुर्गा असा काही उठला की मैदानात चरणाऱ्या बकऱ्या बाजूला झाल्या.

शाळेचं फाटक उघडं होतं. ते रस्त्यावर निघाले.

रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्या, सगळे जिनिंग कारखान्याच्या फाटकाकडं तोंड करून सकाळपासून ताटकळलेले. त्या गोंगाटात पोरांचा सूर हरवायला लागला, कारण पेटी हॉलमध्येच राहिली होती. आधाराला काही नाही. मी पळत पुढं गेले, पदर खोचला, आणि मोठ्यानं गायला लागले. सा रे म प ध सां. सरगमच, दुसरं काही सुचलंच नाही. भर रस्त्यात, उन्हात, मास्तरांच्या शेजारी, मीही उलटी चालत. एक म्हातारा गाडीतल्या कापसाच्या गंजीवरून खाली उतरला आणि हात वर करून नाचायला लागला. त्याच्यामागून त्याची सून उतरली, तोंडाला पदर लावून हसत हसत तिनंही दोन गिरक्या घेतल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि लग्न माझ्या पसंतीचं होतं.

परत हॉलमध्ये आलो तेव्हा सगळे घामानं निथळत होते. सिंधूताई रस्त्यापर्यंत मागं आल्या होत्या, त्यांच्या चपलांना सरकी चिकटली होती. त्यांनी अर्ज पुढं ओढले.

"मास्तरांचं कळलं मला," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस शिष्य. ही मुलं त्यांत धरली नाहीत तरी पुरे आहे. पुण्यात आपण खुर्च्या काढून टाकू." मी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनी माझा अर्ज उचलला. "अडचण इथं आहे. प्रशिक्षकाचे दोन्ही रकाने भरलेले लागतात. जयमालाबाई, तुमचा सादरीकरणाचा रकाना कोरा आहे."

खरं होतं ते. गुरुजी, परीक्षक आणि वर्गातल्या मुली सोडून माझं गाणं तोवर कुणीही ऐकलेलं नव्हतं. कार्यक्रमाला कुणी बोलावलं की मी चिडायचे, काहीतरी खुसपट काढायचे आणि घरी बसायचे. भीती वाटायची हो, दुसरं काय. मी मान खाली घातली. पोरांसमोर, मास्तरांसमोर. म्हटलं, बरंच झालं, माझंच पत्र माझ्याच गळ्यात आलं.

"कोरा कसा?" मास्तर सिंधूताईंना म्हणाले. धाडच्या त्या दिवसानंतर ते माझ्याविषयी पहिल्यांदाच बोलत होते. "लिवा ना, म्याडम. ठिकान, जिनिंगचा रस्ता, चिखली. तारीख आजची."

सिंधूताईंनी पेन धरलं. "श्रोते?"

"कापसाचे गाडीवाले. मोजले नाही जी. पन सकाळपासून खोळंबलेली मान्सं होती, आन् एकानं हॉर्न नाही वाजवला."

सिंधूताईंनी ते जसंच्या तसं लिहिलं, हॉर्नसकट, आणि खाली सही केली.

मुलं खुर्च्या उचलायला लागली. मी मास्तरांजवळ गेले. "मास्तर, त्या पत्राचं..."

"राहू द्या," ते क्लॅरिनेट पुसत म्हणाले. "पुढच्या रविवारी अर्धा घंटा आधी या. चालताना तुमचा पंचम चढते."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला विशारदचं प्रमाणपत्र दाखवलं असतं. मी त्यांच्याच बोलीत "हाव" म्हटलं.