चवीचा वरपक्ष

सोलापूरच्या माणसाला भांडायला सांगा, तो भांडेल. पण समोर बसवून, हातात वाटी देऊन 'कसं झालंय?' असं विचारा, वाटीत रॉकेल असलं तरी तो म्हणणार, 'झ्याक झालंय की!' अपेक्षाची नोकरी नेमकी या सवयीत जाऊन अडकली होती.

अपेक्षा एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना तसा जुना, इथलाच. मध्यंतरी तो एका स्वीडनच्या कंपनीने विकत घेतला आणि फाटकावरच्या गणपतीशेजारी निळी पाटी लागली. कंपनी लहान मुलांसाठी सिरप बनवायची, आणि सिरप बाजारात जाण्याआधी त्याची चव मोठ्या माणसांनी घेऊन बघायची, असा त्यांचा शिरस्ता. नमुन्यात औषध नसायचं. औषधासारखा कडूपणा आणि तो झाकायला घातलेला स्वाद, एवढंच. कारखान्यातल्याच काही जणांना एका पांढऱ्याशुभ्र खोलीत बसवायचं; त्यांनी घोट तोंडात घोळवायचा, शेजारच्या कपात थुंकायचा, चूळ भरायची आणि दहापैकी गुण द्यायचे. ते गुण गोळा करून स्वीडनला पाठवायचे, हे अपेक्षाचं काम.

काम तिला मनापासून आवडायचं. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं तापाचं औषध तिला अजून आठवायचं. ते तिने आईच्या नव्या साडीवर उलटून काढलं होतं, आणि आई ती साडी नेसून कुणाच्या तरी बारशाला निघाली होती. जगातल्या पोरांना नाक न दाबता औषध घेता यावं, हे तिचं आयुष्याचं ध्येय होतं आणि ते सांगताना ती अजिबात लाजत नसे.

अडचण एवढीच, की या खोलीत आलेला एकही नमुना आजवर नापास झाला नव्हता. संत्रं दिलं, दहा गुण. स्ट्रॉबेरी दिली, दहा गुण. एकदा चुकून जुना, आंबलेला नमुना गेला, त्यालाही दहा, वर 'छान आंबट आहे' असा शेरा. शेवटी स्वीडनला संशय आला आणि स्वाद बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख लिनियाबाई स्वतःच सोलापुरात येऊन उतरल्या.

बाई उंच, केस पांढरे, चेहरा शांत. त्या येण्याआधी अपेक्षाने सगळ्यांना गोळा करून बजावलं, "हे बघा, खरं तेच सांगायचं. वाईट असेल तर वाईट म्हणायचं."

"व्हय गं, खरंच सांगतो की आमी," केराबाई म्हणाल्या. केराबाई पॅकिंगमध्ये होत्या, मोहोळकडच्या, आणि त्यांच्या तोंडाला सबंध पॅकिंग खातं वचकून असायचं. बॉयलरवरचे बिरप्पा अक्कलकोटचे. त्यांनी मान डोलावली. स्टोअरमधल्या बार्शीच्या उदयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. एवढं झाल्यावर अपेक्षा निर्धास्त झाली, हीच तिची चूक.

कारण लिनियाबाईंनी घोळ घातला. त्या स्वतः ट्रे घेऊन आल्या, प्रत्येकापुढे वाकून आपल्या हाताने कप ठेवला आणि हात जोडून "नमस्कार" म्हणाल्या. झालं! खोलीतली चव घेणारी माणसं संपली आणि पंगत सुरू झाली.

दुसऱ्या कपातला घोट घेताच बिरप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "यप्पा," एवढंच ते पुटपुटले, घोट गिळला, आणि बाईंकडे बघून हसले. थुंकायच्या कपात कुणीच थुंकलं नाही. उदयसिंहांनी त्यात पाणी ओतून घेतलं आणि पिऊन टाकलं. केराबाईंनी तर कप उलटा करून शेवटचा थेंबही संपवला.

"थुंका ना," अपेक्षा दात ओठ खात कुजबुजली.

"येडी का काय तू?" केराबाई म्हणाल्या, "बाई एवढ्या लांबनं आली, सवताच्या हातानं करून आनलंय, आन तिच्या म्होरं थुकू?"

गुण आले. सगळ्या कपांना दहा. उदयसिंहांनी दुसऱ्या कपाला अकरा दिले होते.

लिनियाबाईंनी अपेक्षाला बाजूला घेतलं. दुसरा कप त्यांनी मुद्दाम बिघडवून आणला होता. त्यातला कडूपणा झाकलाच नव्हता, वर साबणासारखा वास घातला होता. "या माणसांना एक तर जीभ नाही," त्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "नाही तर ती खरं बोलत नाही. दोन्हीचा मला उपयोग नाही. उद्या पुन्हा एकदा बघू. नाही जमलं तर ही खोली हैदराबादला हलवावी लागेल."

खोली जाणार म्हणजे खोलीतली नोकरीही जाणार. अपेक्षाचा चेहरा पडला. पुण्यातली नोकरी सोडून ती याच कामासाठी गावी परतली होती, आणि सोलापुरात चव घेण्याचा पगार देणारी दुसरी कंपनी तिच्या ऐकिवात नव्हती. त्याहून तिला राग आला तो त्या साबणाचा. उद्या असलंच काहीतरी दहा गुण घेऊन बाहेर पडलं, की घरोघरी पोरांची नाकं दाबली जाणार, आणि त्याला जबाबदार ती.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीशी तोंड फुगवून बसली होती. मागच्या सीटवर केराबाईंचा आवाज चढला होता. त्या पुतण्याच्या लग्नातल्या जेवणाचं वर्णन करत होत्या. जिलबी होती का सायकलचं टायर, ओढून ओढून हात दुखले. मठ्ठ्यात ताक घालायचंच इसरलं हुतं. वांग्याच्या भाजीत वांगं एकच, ते सबंध मांडवात फिरत हुतं. बस हसून हसून डुलत होती.

अपेक्षा गर्रकन वळली. "केराबाई, हे तुम्ही तिथे बोललात? तोंडावर?"

"मंग! आचाऱ्याला बलवून बोललो."

"तेव्हा नाही वाटलं, त्यांनी एवढं केलंय म्हणून?"

"आगं आमी वरपक्ष हुतो की!" केराबाईंना प्रश्नच कळेना. "वरपक्षानं नावं न्हाय ठिवली तर लगीन लागलं आसं कसं म्हनायचं?"

अपेक्षा सात रस्त्याच्या थांब्यावर उतरली ती जवळजवळ उडी मारूनच.

दुसऱ्या दिवशी माणसं खोलीत आली, तर खुर्च्यांवर टॉवेल आणि टोप्या ठेवलेल्या. बायकांसाठी ब्लाउजपीस. फुलं आणि अत्तर त्या खोलीत चालत नसे, म्हणून तेवढं राहिलं. "मंडळी," अपेक्षा म्हणाली, "आज तुम्ही वरपक्ष. नवरी स्वीडनची. या लिनियाबाई नवरीची आई. जेवण त्यांच्याकडून आहे."

लिनियाबाईंना तिने सांगितलं, की हात जोडून कोपऱ्यात उभं राहायचं आणि काळजीत असल्यासारखं दिसायचं. त्यासाठी बाईंना फार कष्ट पडले नाहीत.

टोपी डोक्यावर चढताच उदयसिंहांचा आवाज बदलला. "टॉवेल लई पातळ हाय," ते म्हणाले. "चालू द्या."

पहिला कप आला. केराबाईंनी घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकायच्या कपात असा काही थुंकल्या, की लिनियाबाई दचकल्या. "ह्ये संत्रं हाय? संत्र्याच्या गावाला तरी जाऊन आलं हुतं का?" दुसरा कप आला. "यप्पा, ह्यात कापडं भिजवली होती काय?" बिरप्पा ओरडले, "काल भीड म्हणून गिळलं. रात्रभर ढेकर येत होते, साबणाचे!" अपेक्षा भराभर इंग्रजी करून सांगत होती, लिनियाबाई भराभर लिहून घेत होत्या, आणि अपेक्षाच्या अंगात आनंद मावेना. सापडलं! जीभ आहे, आणि खरंही बोलते.

मग तिसरा कप आला. तो नुसता पाण्याचा होता. तपासणीत एक कप पाण्याचा ठेवतातच.

"ह्ये काय?" उदयसिंह गरजले. "आसलं पानी आमी बार्शीत म्हशीला दावत न्हाय!" त्यांनी पाण्याला शून्य दिलं. चौथ्या कपाला केराबाई म्हणाल्या, "आंबा कसला, आंब्याची आठवन हाय नुसती," आणि शून्य. पाचव्याला शून्य. शेवटी शून्यांची रास पडली, आणि अपेक्षाला घाम फुटला.

लिनियाबाईंचं पेन थांबलं. काल सगळं उत्तम, आज सगळं वाईट. त्या वही मिटून पिशवीत ठेवू लागल्या. अपेक्षाला रडूच यायचं बाकी होतं. एवढी टॉवेल-टोपीची यातायात केली आणि शेवटी हैदराबादच.

वरपक्ष उठला. टॉवेल पातळ असले तरी सगळ्यांनी ते आठवणीने काखेत मारले. केराबाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि कपांच्या ट्रेकडे बघत आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपेक्षा, ते उरल्यालं टाकूनच देनार न्हवं? मंग चवथं जरा बांधून दे की. नातवाला."

"चवथं? त्याला तर शून्य दिलंत."

"ते येगळं. नावं ठिवायची ती ठिवली. बांधून दे."

"मलाबी चवथं," बिरप्पा घाईने म्हणाले, "आंब्याचं." उदयसिंह घसा खाकरत मागे आले. त्यांच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती. त्यांनी नुसतं चौथ्या कपाकडे बोट दाखवलं. मागून आणखी दोघी परतल्या. चौथं, चौथं.

अपेक्षा ट्रेपाशी आली. "दुसरं देऊ का?" तिने विचारून बघितलं.

"दुसरं व्हय? ते जावेच्या घरला धाड."

"आणि तिसरं?"

"पानी कशाला बांधून न्यायचं बया?"

अपेक्षाने लिनियाबाईंकडे धाव घेतली आणि एका दमात सगळं सांगितलं: आमच्याकडे तोंडाने कुणी खरं सांगत नाही, पाहुणा म्हणून गोड बोलतात आणि वरपक्ष म्हणून कडू, पण न आवडलेलं कुणी घरी बांधून नेत नाही. बाईंनी पिशवीतली वही पुन्हा काढली, पान बघितलं, आणि मटकन खुर्चीवर बसल्या. चौथा कप त्यांचा स्वतःचा होता. आंब्याचा तो स्वाद जमवायला त्यांना कितीतरी खटपट करावी लागली होती. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात.

नमुने बाहेर न्यायला अर्थातच बंदी होती. ते कळल्यावर केराबाई भडकल्या. "बांधून बी देत न्हाय? लगीन मोडलं म्हनून सांग तिला!" पण खोली मोडली नाही. गुणांचा रकाना रद्द झाला आणि त्या जागी सोलापुरासाठी एकच प्रश्न आला: घरी बांधून न्याल का?

जाण्याच्या संध्याकाळी अपेक्षाने लिनियाबाईंना घरी जेवायला नेलं. आईने कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी वाढली होती. दही कशासाठी ते सांगायच्या आत बाईंनी चमचाभर चटणी तोंडात टाकली. कान लाल झाले, मग नाक, मग डोळे वाहायला लागले. दोन दिवस खऱ्या उत्तराचा आग्रह धरणारी ती बाई कशीबशी घोट गिळून म्हणाली, "अप्रतिम."

"दहापैकी दहा म्हणतायत," अपेक्षाने आईला सांगितलं.

आई हरखली. तिने लगेच चटणीची पुडी बांधली आणि पुढे केली. लिनियाबाईंनी पुडीकडे बघितलं, अपेक्षाकडे बघितलं, आणि फार दिलगिरीने म्हणाल्या, की बॅगेत आता तसूभरही जागा नाही.

"बरं, राहू दे," आई म्हणाली. "भाकरी देऊ का मग दोन-चार?"

लिनियाबाईंनी चटकन बॅग उघडली. आई आत डोकावून म्हणाली, "अगं, ही तर निम्मी रिकामीच आहे की!"